१९६५-६६ च्या मस्टँगला दुसरे इंजिन निवडताना

जुन्या फोर्ड मस्टँगच्या इंजिनाबद्दल सल्ला मागणाऱ्यांपैकी बरेच जण उशिरा येतात. इंजिन घेऊन झालेले असते, ते गॅरेजच्या कोपऱ्यात प्लास्टिकखाली पडलेले असते, आणि मग प्रश्न येतो: "स्वस्तात मिळालं. फोर्डचंच आहे, व्ही-८ आहे. बसेल ना?"

ब्लॉक बसतो. अडते ते बाकीचे. ऑइल चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) स्टिअरिंगच्या दांड्यांवर टेकते, पाण्याचा पंप उलटा फिरतो, फ्लायव्हीलचे वजन चुकीचे निघते, पेट्रोल पंप चालवायला आत काहीच नसते. एकेक सुटा भाग मागवता मागवता स्वस्तातले इंजिन तयार इंजिनापेक्षा महाग पडते. म्हणून खालच्या क्रमात इंजिनाचा नंबर पाचवा आहे. आधीच्या चार पायऱ्यांना फारसा खर्च नाही, फक्त एक-दोन शनिवार-रविवार जातात. त्याच नेमक्या टाळल्या जातात.

हा लेख १९६५ आणि १९६६ च्या मस्टँगपुरता आहे. शेव्हीची (शेव्हर्लेची) ३५० बदलायची झाली तरी क्रम हाच, फक्त अडचणींची नावे बदलतात. उदाहरणार्थ, तिथे १९८६ पासून क्रँकचे मागचे सील एकसंध झाले आणि फ्लायव्हीलच्या बोल्टांचे वर्तुळ लहान झाले, त्यामुळे जुने फ्लायव्हील नव्या क्रँकवर चढत नाही.

१. गाडी नेमकी कोणती, ते आधी पक्के करा

बॉनेट उघडा आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक वाचा. दारावरच्या पट्टीवर विसंबू नका. साठ वर्षांत दारे बदललेली असतात.

पहिला आकडा वर्षाचा: ५ म्हणजे १९६५, ६ म्हणजे १९६६. दुसरे अक्षर कारखान्याचे: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटाचेन. (हा मेटाचेनचा कारखाना प्रत्यक्षात न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये होता. तिथल्या मराठी मंडळींपैकी कुणाच्या मस्टँगवर टी निघाला, तर गाडी गावातलीच आहे.) पुढचे दोन आकडे बॉडीचे: ०७ हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. आपल्या कामाचे आहे ते पाचव्या जागेवरचे अक्षर, म्हणजे गाडी कारखान्यातून कोणत्या इंजिनासह निघाली ते:

सी – २८९ घनइंचांचे व्ही-८, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, २०० हॉर्सपॉवर
ए – २८९, चार बॅरल, २२५ हॉर्सपॉवर
के – २८९ हाय परफॉर्मन्स, २७१ हॉर्सपॉवर
टी – २०० घनइंचांचे सहा सिलिंडर, १२० हॉर्सपॉवर

याच पाचव्या जागेवर एफ, डी किंवा यू निघाले, तर गाडी १९६४ च्या मार्च ते ऑगस्टदरम्यानच्या पहिल्या मस्टँगांपैकी आहे. अशा गाडीच्या व्ही-८ ला गिअरबॉक्सची घंटा, म्हणजे बेलहाउसिंग, पाच बोल्टांनी लागते. त्यानंतरच्या सगळ्या २८९, ३०२ आणि ३५१ विंडसरना सहा बोल्ट आहेत. पाच बोल्टांच्या गाडीत सहा बोल्टांचे इंजिन घालायचे तर बेलहाउसिंगही बदलावे लागते. हे आधी कळले तर एका सुट्या भागाचा खर्च. इंजिन साखळीला लटकलेले असताना कळले तर महिनाभर गाडी तशीच.

पाचव्या जागेवर टी असेल तर थांबा. सहा सिलिंडरच्या गाडीला चाके चार नटांची, ब्रेकचे ड्रम लहान, मागचा ॲक्सल सव्वासात इंची आणि हलका, पुढच्या स्प्रिंगा मऊ, स्टिअरिंगच्या दांड्याही वेगळ्या. तिच्यात व्ही-८ घालणे म्हणजे अर्धी गाडी बदलणे. ते करू नये असे नाही, पण इंजिनाचा खर्च म्हणून मांडलेली रक्कम इथे अजिबात पुरणार नाही. १९६५ पासूनच्या २०० च्या सहा सिलिंडरला सात मेन बेअरिंग आहेत. ते चिवट इंजिन आहे. रविवारी फिरायलाच गाडी काढायची असेल तर मी तेच पुन्हा बांधून घेईन.

*तपासा:* क्रमांकातले अक्षर आणि आज गाडीत असलेले इंजिन जुळते का? ब्लॉकवरचा ओतीव क्रमांक स्टार्टरच्या वरच्या बाजूला असतो. फोर्डच्या या क्रमांकातले पहिले अक्षर दशकाचे (सी साठचे, डी सत्तरचे, ई ऐंशीचे, एफ नव्वदचे) आणि पुढचा आकडा वर्षाचा. सी५एई म्हणजे १९६५ चा आराखडा. ई६एसई दिसले तर आधीच्या कुणीतरी इंजिन बदललेले आहे, आणि तुम्ही दुसरे नव्हे तर तिसरे इंजिन शोधताय.

२. आहे त्या इंजिनाचा निकाल लावा

"इंजिन गेलंय" हे वाक्य विकणाऱ्याकडून, शेजाऱ्याकडून किंवा बेलगाम अंदाज करणाऱ्या मित्राकडून आलेले असते. मोजून घ्या.

इंजिन गरम करा, आठही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि चांगल्या चार्ज केलेल्या बॅटरीवर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन घ्या. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली नको. एखादा सिलिंडर कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्या. आकडा वर आला तर रिंगा गेल्या. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. व्हॉल्व्हचे काम असेल तर हेड खोलून भागते, अख्खे इंजिन बदलायचे कारण नाही.

हेड मशीन शॉपला दिलीच तर एक्झॉस्टच्या बाजूला कडक व्हॉल्व्ह सीट बसवायला सांगा. त्या काळची हेड शिसेयुक्त पेट्रोलवर चालायची.

आता पैशांपेक्षा महत्त्वाचे. गाडी के अक्षराची असेल तर तिच्या ब्लॉकवरही गाडीचा क्रमांक ठोकलेला असतो, आणि तो ब्लॉक गाडीच्या किमतीचा मोठा भाग आहे. त्या काळातल्या सी आणि ए च्या ब्लॉकवर गाडीचा क्रमांक नसतो. तिथे मूळपण ओतल्याच्या तारखेवरून पाहतात. उदाहरणार्थ, ५सी१२ म्हणजे १९६५, मार्च, १२ तारीख. ही तारीख गाडी बनल्याच्या थोडी आधीची हवी.

*सावधान:* कारखान्यात पुन्हा बांधलेले इंजिन घेताना दुकानदार जुने इंजिन परत मागतात. त्याला कोअर म्हणतात, आणि ते दिले तर अनामत परत मिळते. मूळ ब्लॉक कोअर म्हणून कधीही देऊ नका. अनामत सोडून द्या, ब्लॉक ऑइल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. चिरलेला असला तरी ठेवा.

३. गाडी कशासाठी, ते एका ओळीत लिहा

"थोडी ताकद हवी, पण मायलेजही" ही ओळ नव्हे. "उन्हाळ्यात गावातून आणि हायवेवर, ऑटोमॅटिक गिअर, एसी हवा" ही ओळ आहे. एसी हवा म्हटले की पुढचे पट्टे, पुली, रेडिएटर सगळे ठरत जाते. ऑटोमॅटिक म्हटले की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सौम्य लागतो, नाहीतर सिग्नलला गाडी हिसके देते.

हॉर्सपॉवरच्या आकड्यांनी फसू नका. १९६५ च्या ए इंजिनाचे २२५ आणि १९८७ ते ९२ च्या मस्टँग जीटीतल्या ५.० लिटर इंजिनाचे २२५ कागदावर सारखे दिसतात. पहिला आकडा ग्रॉस आहे: इंजिन स्टँडवर, पूर्ण सायलेन्सर नाही, आल्टरनेटरचा भार नाही. दुसरा नेट आहे, गाडीत बसते तशा अवस्थेतला. अमेरिकन कंपन्यांनी १९७२ च्या आसपास मोजायची पद्धत बदलली. म्हणजे "तितकेच ताकदवान" म्हणून घेतलेले ५.० प्रत्यक्षात बरेच जोरदार निघते, आणि मग जुने ड्रम ब्रेक आठवतात.

कायद्याचे एक: कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी नाही. इतर राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, तेव्हा मोटार वाहन विभागाला आधी विचारा. भारतात आरसी बुकात चेसिससोबत इंजिनाचाही नंबर असतो आणि इंजिन बदलले की आरटीओत नोंद करावी लागते. कुणी गाडी भारतात नेण्याचा विचार करत असेल तर जुन्या-नव्या दोन्ही इंजिनांची बिले आणि ब्लॉकच्या क्रमांकांचे फोटो आत्ताच फाइलला लावून ठेवा.

४. जागा मोजा

मस्टँगच्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे मोठे बुरूज आहेत, त्यांत पुढच्या स्प्रिंगा बसतात. त्यांना शॉक टॉवर म्हणतात. सगळी अडचण तिथे. लांबीला भरपूर जागा, उंचीला ठीक, रुंदीला इंच-इंच.

फितीने मोजा आणि वहीत लिहा: दोन टॉवरमधले सर्वांत कमी अंतर, एक्झॉस्ट आणि टॉवर यांच्यात आज असलेली फट दोन्ही बाजूंनी, पंख्यापासून रेडिएटरपर्यंतचे अंतर. बॉनेटखालची उंची मोजायला एअर क्लीनरच्या झाकणावर मुलांच्या खेळातल्या मातीचे चार-पाच उंच गोळे ठेवा, बॉनेट हळूच पूर्ण लावा, उघडा आणि चपटलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. नवे मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर मिळून त्यापेक्षा उंच होणार असतील तर बॉनेट कापावे लागेल.

मग गाडीखाली जा. चेंबरचा खोलगट भाग पुढे आहे आणि त्याच्या मागून स्टिअरिंगचा आडवा दांडा जातो. हे चित्र डोक्यात पक्के बसवा, पुढे कामाला येईल. रेडिएटरच्या खालच्या होजचे तोंड कोणत्या बाजूला आहे, तेही लिहा. या गाड्यांत ते प्रवाशाच्या बाजूला असते.

*सावधान:* अमेरिकेत ड्रायव्हरची बाजू डावी. पुण्या-मुंबईत गाडी शिकलेल्या माणसाच्या डोक्यात ती उजवी असते, आणि "ड्रायव्हर साइड" वाचून भलत्याच बाजूचा एक्झॉस्ट मागवला जातो. सुट्या भागांच्या दुकानात डावे-उजवे हे नेहमी गाडीत बसलेल्या माणसाचे.

५. आता इंजिन

स्वतःचे २८९ पुन्हा बांधणे. सगळे सुटे भाग जुळलेलेच आहेत, कंस-ब्रॅकेट, पुली, एक्झॉस्ट सगळे परत लागते. मशीन शॉपने बोअरिंग किती झाले आहे ते सांगावे. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.०० इंच. ०.०३० वाढवलेला ब्लॉक उत्तम. ०.०६० च्या पुढे भिंती पातळ होतात आणि इंजिन तापायला लागते, तसा ब्लॉक सोडा. वेळ आणि मशीन शॉपवर विश्वास असेल तर पहिली पसंती हीच.

३०२, जुन्या काळातले (१९६८ ते १९८० च्या सुमारापर्यंत). बोअर तोच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) २.८७ ऐवजी ३.०० इंच. बाहेरून २८९ सारखेच, सुट्या भागांची अदलाबदल जवळपास सरळ. कमीत कमी डोकेदुखी हवी असेल तर हे. अडचण एवढीच की चांगल्या स्थितीतले मिळणे दुर्मीळ होत चालले आहे.

५.०, म्हणजे १९८५ नंतरचे रोलर कॅमचे ३०२. माझ्या मते रोज चालवायच्या गाडीला हेच. रोलर टॅपेटमुळे कॅम झिजत नाही, नव्या कॅमला पहिल्या स्टार्टला लागणारे लाड नाहीत, आणि ब्लॉक त्याच माउंटवर बसतो. पण बाकी बरेच बदलावे लागते, ते सहाव्या पायरीत. १९९६ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोरर व्ही-८ मध्येही हेच इंजिन होते आणि जंकयार्डमध्ये तेच जास्त सापडते. मात्र १९९७ नंतरच्या एक्सप्लोररची जीटी४०पी हेड असतील तर प्लगचा कोन वेगळा आहे आणि नेहमीचे हेडर (एक्झॉस्टचे नळ) प्लगच्या वायरीला चटका देतात. हेडर त्या हेडसाठीच बनवलेले हवेत.

३५१ विंडसर. "ब्लॉक एकाच घराण्यातला, मग ३५१ च घेऊ" हा मोह नेहमीचा. ब्लॉकची उंची ३०२ ची ८.२ इंच, ३५१ ची ९.५. व्ही आकारात उंची वाढली की रुंदीही वाढते, आणि तीच तर आपल्याकडे नाही. मॅनिफोल्ड वेगळे, डिस्ट्रिब्युटर वेगळा, हेडर वेगळे, आणि पुढच्या चाकांवर साधारण पन्नास पौंड जास्त. पॉवर स्टिअरिंग असेल तर काम आणखी दाटीचे. बसते, लोकांनी बसवले आहे, पण प्लग बदलायला बसल्यावर कळते काय ओढवून घेतले ते.

३४७. ३०२ च्याच ब्लॉकमध्ये ०.०३० बोअर आणि ३.४० इंच स्ट्रोकचा क्रँक. बाहेरचे माप ३०२ चे, ताकद ३५१ ची. ३५१ चा मोह ज्यांना सुटत नाही त्यांनी हे पाहावे. पण गिअरबॉक्स, ॲक्सल आणि ब्रेक यांचा हिशेब आधी करा.

२०११ नंतरचे कोयोट ५.०. नाव तेच, इंजिन पूर्ण वेगळे. डोक्यावर चार कॅम असल्यामुळे इतके रुंद की शॉक टॉवर कापून पुढचे सस्पेन्शन नव्याने बसवावे लागते. हा लेख त्याच्यासाठी नाही.

६. जुळवणीचा तक्ता, पैसे देण्याआधी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. घ्यायचे ठरलेल्या इंजिनासाठी खालची एकेक गोष्ट लिहून काढा. विकणाऱ्याला विचारा, उत्तर लेखी घ्या.

*बॅलन्स.* २८९ आणि जुने ३०२ यांच्या क्रँकचा तोल २८ औंसांचा. १९८१-८२ च्या सुमारास ३०२ चा ५० औंस झाला. ३५१ विंडसर २८ वरच राहिले. तोल पुढच्या हार्मोनिक बॅलन्सरवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर किंवा फ्लेक्सप्लेटवर ठेवलेला असतो, म्हणून हे दोन्ही क्रँकशी जुळायलाच हवेत. ५.० घेतले आणि जुन्या सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची २८ औंसांची फ्लेक्सप्लेट तशीच लावली, तर आयडलला कदाचित काही जाणवणार नाही. वेग वाढला की गाडी थरथरते, आणि लोक कार्ब्युरेटर, प्लग, माउंट सगळे बदलून पाहतात. तोवर मेन बेअरिंग मार खात असतात. बांधलेले ३४७ असेल तर कारागिराने तोल शून्यावरही आणलेला असू शकतो. नुसते "स्टँडर्ड आहे" हे उत्तर चालवून घेऊ नका, आकडा मागा.

*फ्लायव्हीलचे दात.* १५७ आणि १६४ असे दोन प्रकार आहेत. बेलहाउसिंग, फ्लायव्हील आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या मधला पातळ पत्रा तिन्ही एकाच मापाचे हवेत. स्टार्टर ऑटोमॅटिकचा वेगळा, मॅन्युअलचा वेगळा. तो मधला पत्रा विसरू नका. इंजिन काढताना खाली पडतो आणि भंगारात जातो.

*ऑइल चेंबर.* १९७९ नंतरच्या मस्टँगच्या ५.० ला चेंबरमध्ये दोन खळगे आहेत, पुढे एक, मागे एक. मागचा आपल्या स्टिअरिंगच्या दांड्यावर येतो. म्हणून पुढे खळगा असलेले जुन्या पद्धतीचे चेंबर आणि त्याचीच ऑइल शोषणारी नळी दोन्ही लागतात. चेंबर बदलून नळी जुनी ठेवली तर ती तेलात बुडतच नाही. तेल मोजायची काडी जुन्या इंजिनात समोरच्या टाइमिंग कव्हरमधून जाते, ५.० मध्ये बाजूने. कव्हर बदलताना काडीचे भोक असलेलेच घ्या.

*पेट्रोल पंप.* इंजेक्शनवाल्या ५.० ला टाकीतला विजेचा पंप होता, त्यामुळे मेकॅनिकल पंप हलवणारा गोळा कॅमच्या टोकाला नाही आणि कव्हरला पंपाची जागाही नाही. कार्ब्युरेटर आणि मेकॅनिकल पंप ठेवायचा तर गोळा, त्यासाठी कॅमच्या टोकाची लांब पिन आणि पंपाचे भोक असलेले कव्हर, हे तिन्ही हवे.

*पाण्याचा पंप.* एका लांब चपट्या पट्ट्यावर चालणाऱ्या नव्या पद्धतीत पंप उलटा फिरतो. तो जुन्या व्ही पट्ट्यांवर लावला तर पाणी ढकलतच नाही. बाहेरून दोन्ही पंप सारखे दिसतात, म्हणून "नवा पंप, नवा थर्मोस्टॅट, तरी तापते" ही तक्रार. होजचे तोंडही पाहा: १९७० पासूनच्या पंपांत ते ड्रायव्हरच्या बाजूला गेले, आपला रेडिएटर प्रवाशाच्या बाजूला पाणी देतो.

*पुली.* जुन्या बॅलन्सरवर पुली तीन बोल्टांची, नंतर चार. जुनी पुली नव्या बॅलन्सरवर लागत नाही.

*डिस्ट्रिब्युटरचे गिअर.* कारखान्याचा रोलर कॅम स्टीलचा, जुना कॅम ओतीव लोखंडाचा. रोलरला स्टीलचे गिअर, जुन्याला ओतीव गिअर. चुकीची जोडी लावली तर दात झिजतात आणि लोखंडाचा चुरा थेट ऑइल पंपात. एक्सप्लोररच्या इंजिनाला डिस्ट्रिब्युटरच नसतो, त्याच्या भोकात सेन्सर बसवलेला असतो. तो काढून डिस्ट्रिब्युटर घालता येतो, खर्चात धरा.

*क्लच.* मॅन्युअल गिअर असेल तर क्लचचा आडवा दांडा एका बाजूने ब्लॉकवर टेकतो. काही उशिराच्या ५.० ब्लॉकमध्ये त्यासाठीचे भोक पाडून आटे केलेले नसतात. विकत घेण्याआधी टॉर्च घेऊन पाहा. नसेल तर केबलचा किंवा हायड्रॉलिक क्लच करावा लागेल.

*माउंट.* इंजिनाकडचे आणि गाडीच्या चौकटीकडचे ब्रॅकेट एकाच वर्षाची जोडी म्हणून घ्या. ६५ चे एक आणि ६६ चे एक, अशी खिचडी करू नका.

*तपासा:* या तक्त्यात एकही "बघू नंतर" उरता कामा नये. सगळ्या सुट्या भागांची बेरीज इंजिनाच्या किमतीत मिळवा आणि मग २८९ बांधून घेण्याच्या खर्चाशी ताडून पाहा. स्वतःचेच इंजिन बांधावे हे अनेकांना इथे पटते.

७. वापरलेले इंजिन पाहायला जाताना

सोबत न्या: कॉम्प्रेशन गेज, टॉर्च, चुंबक, लांब हँडलचा पाना, फोनमध्ये तक्त्याचा फोटो.

गाडीत बसलेले, चालू करून दाखवता येणारे इंजिन असेल तर उत्तम. फक्त तुम्ही पोचण्याआधी ते गरम केलेले नको. थंड इंजिनावरच टॅपेटचा आवाज आणि निळा धूर दिसतो. बाहेर काढलेले असेल तर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. मध्येच अडकले तर घरी या. ऑइलमध्ये दुधट रंग, प्लगवर गंज, पाण्याच्या वाटेत तांबडा गाळ या खुणा बघायला एक मिनिट लागतो. शक्य असेल तर चेंबर उघडायला सांगा आणि तळातल्या गाळात चुंबक फिरवा. तांबूस-सोनेरी चुरा चुंबकाला लागत नाही, पण तो बेअरिंगचा असतो आणि लोखंडाच्या चुऱ्याइतकाच वाईट.

ओतीव क्रमांक स्वतः वाचा. "५.० एचओ (हाय आउटपुट) आहे" असे सांगून लिंकन टाउन कारमधले ५.० विकले जाते. वाईट इंजिन नाही ते, पण कॅम सौम्य आणि फायरिंग ऑर्डर जुनी. दोन्हींचा फरक नवव्या पायरीत कळेल.

८. नवे किंवा पुन्हा बांधलेले इंजिन मागवताना

शॉर्ट ब्लॉक म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, हेड नाहीत. लाँग ब्लॉक म्हणजे हेडसह, पण मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, पंप नाहीत. क्रेट इंजिन म्हणजे खोक्यातून आलेले तयार इंजिन, पण "तयार" किती, ते दुकानागणिक बदलते. यादीत चेंबर आहे का आणि कोणते, हा प्रश्न आधी. बहुतेक क्रेट इंजिनांवर १९७९ नंतरच्या मस्टँगचे चेंबर असते, कारण गिऱ्हाईक तेच जास्त.

वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा. पुन्हा बांधलेल्या इंजिनांच्या हेडवर बरेचदा एक लहान गोल बिल्ला चिकटवलेला असतो. इंजिन ठराविक तापमानाच्या वर गेले की त्याचा मधला भाग वितळतो, आणि वॉरंटी तिथेच संपते. म्हणून जुना रेडिएटर न साफ करता नव्या इंजिनाला जोडू नका. पहिल्याच दिवशी गाळाने ते तापेल आणि वाद तुम्हीच हराल.

९. बसवताना आणि पहिला स्टार्ट

ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत गेला आहे याची खात्री करा. हाताने फिरवत आत ढकला, दोन-तीनदा "खट" करून तो आत सरकतो. बेलहाउसिंग इंजिनाला हाताने पूर्ण टेकले पाहिजे, आणि कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेट यांच्यात आठवा भाग इंचाच्या आसपास फट उरली पाहिजे. फट नसेल आणि बोल्ट आवळून ओढून घेतले तर गिअरबॉक्सचा पंप फुटतो. नवे इंजिन, मेलेला गिअरबॉक्स, तेही एकदाही चालू न होता. ही चूक फार होते.

डिस्ट्रिब्युटर घालण्याआधी ऑइल पंप ड्रिलने फिरवून दाब आणा. फोर्डचा पंप उलट्या दिशेने फिरवावा लागतो, ड्रिल रिव्हर्सवर. पंपाचा दांडा ३०२ मध्ये पाव इंची षट्कोनी, ३५१ मध्ये त्याहून जाड. रॉकरपर्यंत तेल पोचलेले डोळ्यांनी पाहा.

आता फायरिंग ऑर्डर. फोर्डमध्ये १ ते ४ सिलिंडर प्रवाशाच्या बाजूला पुढून मागे, ५ ते ८ ड्रायव्हरच्या बाजूला. शेव्हीवर हात बसलेल्या मेकॅनिकला हे आधी सांगा.

२८९ आणि साधे ३०२: १-५-४-२-६-३-७-८
५.० एचओ, एक्सप्लोरर आणि ३५१: १-३-७-२-६-५-४-८

फरक म्हणजे ५-४ ची आणि ३-७ ची जागा अदलाबदल झाली आहे. ऑर्डर ठरते ती कॅमवरून. मॅनिफोल्डवर ओतलेली ऑर्डर त्या मॅनिफोल्डच्या मूळ इंजिनाची असते. जुने मॅनिफोल्ड नव्या इंजिनावर लावून त्यावरचीच ऑर्डर वाचली की इंजिन कार्ब्युरेटरमधून फटाके वाजवते आणि सगळे टायमिंगच्या मागे लागतात. इंजिन बांधणाऱ्याकडून कॅमचे कार्ड घ्या आणि बॉनेटच्या आत चिकटवा.

कॅम सपाट टॅपेटचा असेल, म्हणजे पुन्हा बांधलेले २८९ किंवा जुने ३०२, तर पहिल्या स्टार्टला आयडल करू द्यायचे नाही. झिंक जास्त असलेले ब्रेक-इन ऑइल घाला, आणि इंजिन पेटले की लगेच २००० ते २५०० आरपीएमवर न्या. तो वेग थोडा वर-खाली करत वीस मिनिटे धरून ठेवा. याचा अर्थ स्टार्ट करण्याआधीच पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत आलेले हवे, टायमिंग जवळपास बरोबर हवे, रेडिएटर भरलेला हवा. सेल्फ मारत मारत दुरुस्ती करत बसलात तर टॅपेटवरचे ग्रीस पुसले जाते आणि कॅम पहिल्या अर्ध्या तासात खराब होतो. एक जण आत बसून ऑइल प्रेशर पाहील, एक जण पंख्यापासून दूर उभा राहून गळती पाहील, हाताशी अग्निशामक. ऑइल प्रेशर पडले किंवा तापमान वर गेले तर लगेच बंद करा, वीस मिनिटांचा हट्ट नको. थंड झाल्यावर कारण शोधा आणि उरलेली मिनिटे नंतर पूर्ण करा.

रोलर कॅमला हे काही लागत नाही. तिथे साध्या वेगावर गरम करा आणि टायमिंग लाइटने टायमिंग लावा. बॅलन्सर बदललेला असेल तर त्यावरच्या खुणांची आणि काट्याची जागा जुळते का ते एक नंबरचा पिस्टन वर आणून आधीच ताडलेले हवे.

पहिल्या चाचणीनंतर ऑइल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडा आणि उन्हात धरून पाहा. ब्रेक-इनची थोडी करडी पावडर चालते, चमचमणारे कण चालत नाहीत. हेडरचे बोल्ट गार झाल्यावर पुन्हा आवळा आणि पन्नास-शंभर मैलांनी परत एकदा. ते नेहमी सैल होतात, आणि हेडरच्या फटीतून येणारा टकटक आवाज टॅपेटचा समजून लोक नवे इंजिन पुन्हा उघडायला घेतात.